वाढता पीळ आणि श्रेयाचा हिशेब

हॅरी पोप (१८६१–१९५०) या अमेरिकी कारागिराच्या रायफलींविषयी नेमबाजांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. त्या लेखनात एक विधान शब्द बदलून पुन्हा पुन्हा भेटते : पोपच्या नळ्या अचूक होत्या, कारण त्यांत ‘वाढता पीळ’ होता. नळ्या उत्तम होत्या याविषयी माझा वाद नाही. माझा आक्षेप त्या ‘कारण’ या शब्दाला आहे.

आधी पीळ म्हणजे काय ते पाहू. रायफलच्या नळीत आतून मळसूत्री खाचा कोरलेल्या असतात. गोळी त्यांत रुतते, स्वतःभोवती फिरू लागते आणि त्या फिरकीमुळे हवेत तोल सांभाळते. किती इंचांत एक वळसा पूर्ण होतो, यावर पीळ घट्ट की सैल ते ठरते. सर्वसाधारण नळीत तो सर्वत्र सारखा असतो. वाढत्या पिळात तो मागच्या टोकाशी सैल आणि तोंडाशी घट्ट असतो. यामागचा तर्क असा, की सुरुवातीला गोळीवर एकदम मरोड पडू नये, मऊ शिसे खाचांतून घसरू नये.

नळी झिजते. मोटारसायकलचे इंजिन रीबोअर करतात हे आपल्याला ठाऊक आहे. रायफलच्या नळीचेही तसेच करता येते. मात्र त्याच्या दोन तऱ्हा आहेत आणि त्यांतला फरक महत्त्वाचा आहे. पेनसिल्व्हेनिया आणि अ‍ॅपलेशियन डोंगरभागातले जुने बंदूकवाले झिजलेल्या नळीतच सळईभोवती शिसे ओतत. त्या शिशावर जुन्या खाचांचा ठसा उमटे. मग त्यात छोटे दातेरी पाते बसवून सळई मागेपुढे ओढायची. पात्याखाली कागदाचा कपटा घालून दर फेरीला ते किंचित वर उचलायचे. पात्याला वाट दाखवी ती जुनी खाचच. खाच खोल होई, पीळ मात्र होता तोच राही.

दुसऱ्या तऱ्हेत जुन्या खाचा पूर्ण खरवडून काढतात, भोक मोठे करतात आणि नव्याने खाचा कोरतात. सारख्या पिळाच्या झिजलेल्या नळीत वाढता पीळ आणायचा तर हाच मार्ग. त्यासाठी एका पात्याने एकेक खाच कापणारे यंत्र लागते आणि पात्याला वळवणारी पट्टी सरळ नसून वाकवलेली लागते. म्हणजे वाढत्या पिळाची नळी ही मुळातच सावकाश, फेरीमागून फेरी कापलेली नळी असते. ती चांगली निघाली, तर श्रेय पिळाचे की त्या सावकाशीचे? माझ्या वाचनात आलेल्या स्तुतिपर लेखांना हा प्रश्न पडत नाही.

पोपच्या नळीत आणखी काय काय होते ते मोजा. आठ खाचा, डावीकडे वळणारा पीळ, तोंडाकडे किंचित आवळत जाणारे भोक, त्या नळीसाठी केलेला गोळीचा साचा. काडतूस मागून भरायचे, पण गोळी पुढून दाबत न्यायची, तीही त्याच नळीचा कापलेला तुकडा तोंडावर बसवून. इतक्या गोष्टी एकदम बदलल्यावर एकीलाच माळ घालणे हा हिशेब नव्हे. शिवाय गोळी पुढून भरली म्हणजे बार होण्याआधीच तिच्यावर खाचांचे ठसे उमटलेले असतात. मग ‘गोळी खाचांत अलगद शिरते’ या तर्काचा निम्मा आधार इथेच निघून जातो.

म्हणूनच मला पोपच्या चरित्रकथांपेक्षा फ्रँकलिन मॅन यांचा ‘द बुलेट्स फ्लाइट फ्रॉम पावडर टू टार्गेट’ (१९०९) हा ग्रंथ मोलाचा वाटतो. मॅन पेशाने डॉक्टर. पोपने त्यांच्यासाठी नळ्या केल्या होत्या. ग्रंथ वाचायला सोपा नाही. प्रयोग ज्या क्रमाने झाले त्या क्रमाने येतात, आकड्यांच्या गर्दीत वाचकाला वाट स्वतः काढावी लागते, आणि संपादकाची कात्री फिरायला हवी होती असे जागोजाग वाटते. पण पद्धत सच्ची आहे. गोळीचे टोक मुद्दाम बिघडवून झाडायची, मग बूड बिघडवून. टोकाने फारसे बिनसत नाही, बुडाने नेम पार बिघडतो, हे त्यांनी असे दाखवले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा धडा पोपच्या भक्तांनी घेतला नाही.

वाढता पीळ निरुपयोगी आहे, असे माझे म्हणणे नाही. अमेरिकी यादवी युद्धातल्या पॅरट तोफांत तो होता, आजच्या २० मिलिमीटरच्या व्हल्कन तोफेतही आहे. इटलीच्या १८९१ च्या कार्कानो रायफलमध्ये तो होता. पण १९३८ च्या नव्या नमुन्यांत इटलीने सरळ सारखा पीळ घेतला. असल्या नळीचे तोंड कापून ती आखूड केली तर सर्वांत घट्ट भागच गमावला जातो, हाही त्यातला तोटा. जिथे मरोड मोठी, तिथे त्याला काम आहे. ते काम अभियांत्रिकीचे, जादूचे नाही.

एकच गोष्ट बदलून पाहिल्याचे एक उदाहरण आपल्या इतिहासात आहे. १८५७ च्या उठावामागची एनफिल्डची काडतुसे आपण शाळेत शिकतो. पुढे त्या नळ्यांचे काय झाले ते शिकत नाही. हिंदी शिपायांसाठी १८५८ चा जो नमुना ठरला, त्यात .५७७ इंचाची रायफल नळी .६५६ इंचापर्यंत बोअर करून खाचा साफ नाहीशा केल्या गेल्या. बंदूक दिसायला तीच, पण दूरचा नेम गेला. नेमपट्टीही साधी, न हलणारी. खाचांचे मोल राज्यकर्त्यांना नेमके ठाऊक होते. त्यांनी तेवढेच काढून घेतले.

पोपच्या कीर्तीलाही अशीच कसोटी लावायला हवी. एकाच पोलादाच्या, एकाच हाताने कापलेल्या दोन नळ्या. खाचा, भोक, साचा सारे सारखे. एकीत वाढता पीळ, दुसरीत तिच्या तोंडाशी असलेलाच पीळ सुरुवातीपासून. दोन्ही मॅनच्या पद्धतीने झाडून पाहाव्यात. तोवर पोपविषयी लिहिताना श्रेय त्याच्या हाताला द्यावे. पिळाच्या नावे ते मांडण्याइतका पुरावा त्याच्या चाहत्यांनी अजून पुढे ठेवलेला नाही.