बांडगूळ : एका रूपकाची परीक्षा

मराठीत निंदेसाठी जी वनस्पतिनामे रूढ झाली आहेत, त्यांत ‘बांडगूळ’ ह्या शब्दाचा क्रम बराच वर लागेल. स्वतः श्रम न करणारा, आश्रयदात्याला शोषणारा आणि परत काहीही न देणारा, असा तिहेरी आरोप ह्या एका शब्दात सामावलेला आहे. संस्थेतील निरुपयोगी अधिकारी आणि पुढाऱ्याच्या मागेपुढे करणारा अनुयायी ह्यांना तो लावला जातोच. परंतु घरातील मिळकत नसलेला वृद्ध आप्तही त्याच्या तडाख्यातून सुटत नाही. रूपकाची योग्यता ठरवावयाची तर उपमेय आणि उपमान ह्या दोहोंची ओळख हवी. येथे उपमेयाची चर्चा उदंड होते. उपमान मात्र सहसा तपासले जात नाही.

अशा तपासणीस चंद्रपूर आणि १९८२ साली त्यातून वेगळा झालेला गडचिरोली, ह्या दोन जिल्ह्यांचा वनप्रदेश विशेष अनुकूल आहे. येथील साग, मोह, ऐन, तेंदू हे वृक्ष पानझडी आहेत. उन्हाळ्याच्या तोंडाशी फांद्या उघड्या पडल्या, की त्यांवरील बांडगुळाचा हिरवा झुबका दुरूनही नजरेत भरतो. हा हिरवेपणाच पहिल्या आरोपाविरुद्धचा पुरावा होय. बांडगुळाच्या पानांत हरितद्रव्य असते आणि सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने ते आपले अन्न बहुतांशी स्वतः तयार करते. आश्रयवृक्षाच्या काष्ठात शोषकमूळ घुसवून ते प्रामुख्याने पाणी आणि क्षार घेते. म्हणूनच विज्ञानाच्या परिभाषेत त्यास ‘अर्धजीवोपजीवी’ म्हणतात. लोकभाषेने ह्यातील ‘अर्ध’ गाळून टाकला आहे.

भाषेचा हा न्याय किती विषम आहे, हे शेजारच्या दोन वनस्पतींशी तुलना केली असता स्पष्ट होते. अमरवेल जवळजवळ पूर्णपणे परावलंबी आहे. तिला पाने नाहीत, हरितद्रव्य नाममात्र. ती आश्रयवनस्पतीचे तयार अन्नच शोषून घेते. तरीही नाव मिळाले ते ‘अमर’! उलटपक्षी झाडावर वाढणारी आमरे झाडापासून केवळ आधार घेतात; पण बोलीत त्यांनाही पुष्कळदा बांडगूळच म्हटले जाते. सर्वस्व घेणारीस गौरव, पाणी घेणाऱ्यास शिवी आणि काहीच न घेणाऱ्यास तीच शिवी, अशी ही वाटणी आहे.

प्राचीन कोशकारांची दृष्टी ह्याहून व्यापक होती. अमरकोशात ह्या वनस्पतीस वंदा, वृक्षादनी, वृक्षरुहा आणि जीवंतिका अशी चार नावे आहेत. ‘वृक्षादनी’त वृक्ष खाण्याचा दोष आहे, ‘वृक्षरुहा’त केवळ स्थानाचे वर्णन आहे, तर ‘जीवंतिका’त जगण्याची चिवट शक्ती आहे. पुढे ‘वंदा’ हे नाव विल्यम जोन्सने आमरांच्या एका प्रजातीस दिले आणि तेच विज्ञानात रूढ झाले. मात्र विज्ञानाची नावेही निर्विकार असतात असे नाही. आपल्याकडील सर्वसामान्य बांडगुळाचे आजचे शास्त्रीय नाव डेंड्रॉफ्थो फाल्काटा असे आहे; त्यातील पहिल्या पदाचा ग्रीक अर्थ ‘वृक्षाचा क्षय’ असा होतो.

‘परत काहीही न देणारा’ हा आरोप सर्वांत दुबळा ठरतो. सलीम अली ह्यांनी १९३१ साली कोकणातील बांडगुळाच्या प्रसारात शिंजीर आणि फुलटोच्या ह्या पक्ष्यांचा वाटा किती, ह्यावर निबंध प्रसिद्ध केला. नळीसारख्या फुलातील मधासाठी हे पक्षी येतात आणि परागण घडवितात. फुलटोच्या फळ गिळतो. चिकट गराने वेढलेले बी काही मिनिटांतच त्याच्या विष्ठेवाटे बाहेर पडून फांदीला चिकटते. जमिनीवर पडलेले बी फुकट जाते. ह्या परस्परावलंबनाची सूक्ष्मता प्रिया दविदार ह्यांच्या नीलगिरीतील संशोधनात दिसते. फुलटोच्याकडून परागण होणाऱ्या काही बांडगुळांच्या पक्व कळ्या त्यांच्या फळांसारख्याच दिसतात, असे त्यांनी १९८३ साली दाखविले. ऑस्ट्रेलियात तर काही वनखंडांतील बांडगुळे मुद्दाम काढून टाकण्याचा प्रयोग झाला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षानुसार, तीन वर्षांत तेथील वनावलंबी निवासी पक्ष्यांच्या जाती सुमारे चतुर्थांशाने घटल्या. बांडगूळ वृक्षाकडून जे घेते, त्यातील काही ते वनाला देते. एका झाडापुरता हिशेब मांडणाऱ्यास ही देवघेव दिसणार नाही.

ह्याचा अर्थ बांडगूळ निर्दोष ठरते असा मात्र नव्हे. त्याचा भार वाढला म्हणजे फांदीचा पुढचा भाग सुकतो, झाडाची वाढ खुंटते आणि सागाच्या लागवडीत लाकडाचे नुकसान होते. तीनशेहून अधिक जातींच्या वृक्षांवर वाढू शकणाऱ्या ह्या वनस्पतीस रोपवनात आवर घालणे वनाधिकाऱ्यास भाग पडते. ‘वृक्षादनी’ हे नाव निराधार नाही. आक्षेप आहे तो चार नावांपैकी एकाच नावाचा अर्थ शिल्लक ठेवून उरलेले तीन विसरण्याला.

रूपके आज्ञेने बदलत नाहीत आणि बदलण्याचा अट्टाहासही नको. तथापि कोशकाराने ‘बांडगूळ’ ह्या नोंदीत वनस्पतीचे अर्धजीवोपजीवित्व आणि शब्दाचा निंदार्थ स्पष्टपणे वेगळे नोंदवावेत. आमरांना हा शब्द लावण्यातील गफलतही दाखवावी. गोंडी आणि माडिया भाषिकांकडून ह्या वनस्पतींची नावे त्यांच्या अर्थच्छटांसह गोळा करणे हेही ह्याच कामाचे अंग होय. समीक्षकाचे कर्तव्य ह्याहून थोडे कठीण आहे. एखाद्या माणसास बांडगूळ म्हटलेले आढळले, की तो काय घेतो एवढ्यावर न थांबता, तो काय निर्माण करतो आणि त्याच्यावर कोण जगते, हेही त्याने विचारले पाहिजे. मिळकत नसलेल्या त्या वृद्ध आप्ताच्या बाबतीत हा प्रश्न विचारला गेला, तर पुष्कळदा शब्दच मागे घ्यावा लागेल.