कापसाच्या पेढ्या आणि कुमारप्पांचें वर्गीकरण

कै. जे. सी. कुमारप्पा यांचा ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ हा ग्रंथ १९४५ सालीं प्रसिद्ध झाला. त्याचें लेखन जबलपूरच्या तुरुंगांत झालें असलें, तरी त्यामागील अनुभव वर्ध्याचा आहे. १९३४ च्या डिसेंबरांत स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे ते चिटणीस होते व संघाचें ठाणें मगनवाडीस होतें. ग्रंथांत त्यांनीं अर्थव्यवस्थेचे पांच प्रकार कल्पिले आहेत: परोपजीवी, लुटारू, उद्यमी, सामूहिक आणि सेवाप्रधान. भांडवलाचे सर्व व्यवहार एकाच जातीचे, या समजुतीस हें वर्गीकरण चांगला छेद देतें. परंतु त्यांतील दृष्टान्त मुख्यतः पशुपक्ष्यांचे आहेत. सबब तें वर्ध्याच्याच कापसाच्या व्यवहारास लावून पाहणें अगत्याचें आहे.

वर्धा जिल्हा १८६२ सालीं नागपुरापासून वेगळा झाला. पालकवाडीच्या जागीं वर्धा शहर १८६६ सालीं वसलें आणि १८६७ सालीं आगगाडी नागपुरास पोंचली. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें (१८६१–६५) हिंदी कापसाची मागणी वाढली होती व हिंगणघाटचा कापूस विलायतेच्या बाजारांत गांवाच्या नांवानें ओळखला जात होता. मध्यप्रांत व वऱ्हाडाचे कापूस कमिशनर रिव्हेट-कार्नाक यांनीं आपल्या अहवालांत स्वच्छ लिहिलें आहे कीं, रेल्वेचा फाटा आल्यास विलायती कापड देशी कापडाहून स्वस्त विकतां येईल. मग येथें कातला जाणारा कापूस निर्यातीस मोकळा होईल आणि कातणारे-विणणारे हात शेतमजुरीकडे वळतील. येथें कुमारप्पांचा ‘लुटारू’ हा शब्द तंतोतंत लागू पडतो.

पुढील प्रकार गिरण्यांचा. जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल नागपुरास १ जानेवारी १८७७ रोजीं सुरू झाली. तिचें भांडवल भागीदारांचें, म्हणून हिशेब त्यांच्यापुढें मांडणें प्राप्त होतें. हिंगणघाटास मात्र बन्सीलाल अबीरचंद यांच्या सराफी पेढीनें गिरणी उभारली. तेथें पत घराण्याची आणि हिशेब वहींत. दोहोंनींही कापूस येथेंच कातला, म्हणून निर्यातीच्या व्यवहाराहून दोन्ही भिन्न. पण उत्तरदायित्व कोणापुढें, या प्रश्नाचीं त्यांचीं उत्तरें परस्परांहून अगदीं निराळीं आहेत. ‘उद्यमी’ या एकाच कोठ्यांत दोन्ही घातल्यास हा भेद लोपतो.

खरी अडचण पुढेंच आहे. शेठ जमनालाल बजाज (१८८९–१९४२) हे बच्छराज पेढीचे वारस. पेढीचा व्यापार कापसाचा. आणि ग्रामोद्योग संघास मगनवाडीची जागा दिली ती त्यांनींच. विश्वस्तवृत्तीचें हें ठळक उदाहरण खरें. तथापि त्यावरून असें निष्पन्न होतें कीं सेवेची संस्था व्यापाराच्या नफ्यावर उभी राहिली. एकच रुपया एका कोठ्यांतून दुसऱ्यांत जातो. कुमारप्पा हेतूवरून प्रकार ठरवितात. इतिहासानें तो हिशेबावरून ठरविला पाहिजे. जो कापूस विकून नफा झाला, त्या कापसाच्या शेतकऱ्यास भाव काय मिळाला, त्याच्यावर व्याज किती चढलें, हें कळल्यावांचून विश्वस्तवृत्तीचें मोल ठरत नाहीं.

हें ठरविण्याचीं साधनें कोणतीं? सरकारी अहवालांत निर्यातदाराचा दृष्टिकोन आहे, कंपनीच्या अहवालांत भागीदाराचा. कुणब्याची बाजू असेल तर ती पेढीच्या रोकडवहींत, खतावणींत, गहाणखतांत व जीनच्या पावत्यांत. आमचे संग्राहक सनदा व वंशावळी जिवापाड जपतात आणि लाल बासनांतील वह्या रद्दींत जाऊं देतात. त्या वह्यांतील मोडी व महाजनी लिपी वाचणारे दिवसेंदिवस विरळ होत आहेत. एम्प्रेस मिलही २००२ सालीं बंद पडली. वर्धा, आर्वी, पुलगांव, हिंगणघाट येथील ज्या घराण्यांच्या माळ्यावर अशीं बाडें असतील, त्यांची निदान यादी तरी आधीं व्हावी. वर्गीकरणाचा वाद त्यानंतर करणें सयुक्तिक होईल.