केळ्याचा हातोडा आणि न फुटणारा डबा

फेब्रुवारीत राष्ट्रीय विज्ञान दिन जवळ आला की जळगाव-धुळे भागातल्या अनेक शाळा-महाविद्यालयांत द्रवरूप नायट्रोजनचे प्रयोग दाखवले जातात. कार्यक्रमाचा क्रम आता जवळजवळ ठरून गेला आहे. डब्यातून पांढरे धुके बाहेर पडते. गुलाबाचे फूल बुडवून हातात चुरतात. रबरी नळी गोठवून हातोडीने फोडतात. आणि केळीच्या या मुलखात सर्वाधिक टाळ्या घेतो तो शेवटचा प्रयोग : गोठवलेल्या केळ्याने लाकडात खिळा ठोकायचा आणि मग तेच केळे फरशीवर टाकून त्याचे तुकडे करायचे. त्यावर निवेदकाचे समारोपाचे वाक्य असते, "अतिथंडीत सगळे पदार्थ ठिसूळ होतात."

आम्ही धातूंवर संशोधन करणारी माणसे. या कार्यक्रमांचे आम्हांला कौतुक आहे. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांचा पारा पाहणाऱ्या मुलांना उणे १९६ अंश म्हणजे काय हे त्यामुळे डोळ्यांनी दिसते. परंतु ते समारोपाचे वाक्य चुकीचे आहे आणि त्याला खोटे ठरवणारा पुरावा त्याच टेबलावर उभा असतो. तो म्हणजे खुद्द नायट्रोजनचा डबा. फूल काही सेकंद थंड झाले. डब्याची आतली भिंत कित्येक दिवस त्याच तपमानाला आहे. तो डबा जीपमध्ये घालून खड्ड्यांच्या रस्त्याने आणलेला असतो. मग तो का फुटत नाही? हा प्रश्न एखाद्या मुलाने विचारला तर 'सगळे पदार्थ' हे शब्द तिथेच मागे घ्यावे लागतील.

हे वाक्य रुजण्याला विज्ञानविषयक लोकप्रिय लिखाणही कारणीभूत आहे. थंडी आणि ठिसूळपणा म्हटले की ठरावीक गोष्टी सांगितल्या जातात. १८१२ साली रशियाच्या थंडीत नेपोलियनच्या सैनिकांच्या कथलाच्या गुंड्यांची भुकटी झाली. १९८६ साली थंडीमुळे रबरी कडी निकामी होऊन चॅलेंजर यान कोसळले. थंड समुद्रात पोलादी जहाजे तुटली. तिन्ही गोष्टी एका माळेत ओवल्या जातात, पण त्यांची कारणे तीन वेगळी आहेत.

कथलाची गोष्ट तर मुळातच संशयास्पद आहे. १३ अंशांच्या खाली पांढऱ्या कथलाचे करड्या, भुसभुशीत रूपात हळूहळू रूपांतर होऊ शकते हे खरे. पण ते फार सावकाश होते आणि इतर धातूंची थोडी भेसळ असली तर आणखी रखडते. खानदेशात हिवाळ्यातल्या कित्येक रात्री पारा १३ अंशांच्या खाली जातो. त्यामुळे कोणाच्या पातेल्याची कल्हई सकाळी भुकटी होऊन पडली आहे काय? एवढा प्रश्न वर्गात विचारला तरी पुरे. चॅलेंजरची रबरी कडी फुटली नव्हती. थंडीने ती ताठर झाली आणि दाब बदलताच पुन्हा फुगून फट बुजवण्याचे तिचे काम तिला वेळेत करता आले नाही. रबराच्या लांब रेणूंची हालचाल गोठण्याचा हा प्रकार आहे. फूल आणि केळे यांची गोष्ट तर याहून साधी : त्यांतल्या पाण्याचा बर्फ होतो. राहिली पोलादाची जहाजे. खरा शिकवण्याजोगा विषय तिथे आहे, आणि नेमका तोच घाईघाईने उरकला जातो.

त्याआधी केळ्याकडे पुन्हा पाहू, कारण त्यात दोन धडे आहेत आणि कार्यक्रमात एकच सांगितला जातो. ज्या केळ्याने खिळा ठोकला ते केळे बळकट होते. तेच केळे पडून फुटले, म्हणजे ते चिवट नव्हते. बळकटपणा म्हणजे वाकण्याआधी किंवा तुटण्याआधी पदार्थ किती ताण सोसतो. चिवटपणा म्हणजे तुटण्याआधी तो किती ऊर्जा पचवतो, विशेषतः त्याला आधीच एखादी खाच किंवा चीर असेल तर. मराठीत हे शब्द आहेत आणि शेतकऱ्याला त्यांतला फरक पक्का ठाऊक आहे. तो अवजाराच्या दांड्यासाठी लाकूड निवडताना चिवटपणाच पाहतो. वर्गात मात्र आपण दोहोंना 'मजबूत' म्हणून मोकळे होतो. थंडीने केळ्याचे बळ वाढले आणि चिवटपणा नाहीसा झाला, असे म्हटले असते तर धातूंच्या दाराशी आपण आपसूकच पोचलो असतो.

धातू वाकतो म्हणजे त्यातले अणूंचे थर एकमेकांवरून घसरतात. घसरता आले तर धातू वाकून ऊर्जा पचवतो. घसरता आले नाही तर सगळा ताण चिरेच्या टोकाशी एकवटतो आणि चीर पुढे धावते. साध्या लोखंडात अणूंची मांडणी अशी असते की घनाच्या आठ कोपऱ्यांवर एकेक आणि मध्यभागी एक. या मांडणीत थर घसरायला अणूंच्या उष्णताजन्य थरथरीची मदत लागते. थंडी वाढली की ती मदत आटते, आणि एका टप्प्यावर घसरण्यापेक्षा फाटणे सोपे होऊन बसते. ॲल्युमिनियम, तांबे, निकेल यांत अणू कोपऱ्यांवर आणि प्रत्येक पृष्ठाच्या मध्यावर असतात. तिथे थर कडाक्याच्या थंडीतही सहज घसरतात. लोखंडात पुरेसे निकेल मिसळले की तेही ही दुसरी मांडणी पत्करते. १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेलचे स्टेनलेस स्टील हे त्याचे परिचित उदाहरण. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गोठित रेतमात्रा ज्या डब्यात ठेवतात तो बहुधा ॲल्युमिनियमचा असतो, आणि द्रवरूप ऑक्सिजनच्या मोठ्या टाकीचे आतले भांडे स्टेनलेस स्टीलचे. त्यांच्या न फुटण्यामागे ही मांडणी आहे.

इथेही थांबून चालणार नाही. टाकी एकसंध पत्र्याची नसते. पत्रे वेल्डिंगने जोडावे लागतात. सांध्यात भरलेला धातू हा काही सेकंदांत ओतून थिजलेला निराळाच धातू असतो. पत्र्याला लाटून, तापवून, निववून गुण आणता येतात. सांध्याला ती संधी बहुधा मिळत नाही. शिवाय चीर सुरू व्हायला लागणारी खाच, पोकळी, अडकलेली मळी हे सारे सांध्यापाशीच सापडते.

१६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेत पोर्टलंडच्या गोदीत उभे असलेले 'स्केनेक्टडी' हे नवे कोरे तेलवाहू जहाज शांत पाण्यात मधोमध दुभंगले. हे जहाज रिव्हेट न मारता वेल्डिंगने बांधलेले होते, म्हणून प्रथम सगळा दोष वेल्डिंगला दिला गेला. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवून दिले की ते पोलादच थंडीत खाचेपाशी ठिसूळ होणारे होते. सांध्यातल्या दोषातून चीर निघाली, ठिसूळ पोलादाने तिला धावू दिले, आणि रिव्हेटच्या जहाजात पत्र्याच्या कडेला जी अडली असती ती अखंड जोडलेल्या जहाजात अडली नाही. पुढच्याच वर्षी, २० ऑक्टोबर १९४४ रोजी, क्लीव्हलंड शहरात द्रवरूप नैसर्गिक वायूची टाकी फुटून लागलेल्या आगीत १३० माणसे गेली. ती टाकी साडेतीन टक्के निकेलच्या पोलादाची होती, आणि उणे १६२ अंशांना तेवढे निकेल पुरत नाही. आज अशा टाक्यांची आतली भिंत बहुधा ९ टक्के निकेलच्या पोलादाची करतात. आपल्या तापीच्या मुखाजवळ हजिऱ्याला २००५ पासून याच वायूचे बंदर आहे.

मग या सांध्यांत भरायचे काय? बळ आणि चिवटपणा दोन्ही देणारा धातू शोधणे अवघड आहे, कारण एकाची सोय बहुधा दुसऱ्याच्या मुळावर येते. स्टेनलेस स्टीलचा सांधा थिजताना तडकू नये म्हणून त्यात काही टक्के भाग मुद्दाम लोखंडी मांडणीचा, म्हणजे फेराइटचा, ठेवतात. पण तोच भाग अतिथंडीत ठिसूळ होतो. म्हणून त्याचे प्रमाण मोजूनमापून राखावे लागते. ९ टक्के निकेलच्या पोलादाला त्याच जातीचा सांधा भरवशाचा होत नाही. तिथे निकेलप्रधान मिश्रधातू वापरतात. तो चिवट असतो, पण पत्र्याहून दुबळा. पत्रा कायमचा वाकण्याआधी ५८५ मेगापास्कल किंवा अधिक ताण घेतो, सांधा साधारण ४०० ते ४५०. टाकीचा हिशेब मग दुबळ्या सांध्याकडे पाहून करावा लागतो. निकेल महाग आणि आपल्याला आयात करावे लागते. म्हणून अलीकडे २२ ते २५ टक्के मँगनीजचे पोलाद पुढे आले आहे. मँगनीज आपल्या नागपूर-भंडाऱ्याच्या खाणींतच मिळते. परंतु वेल्डिंगच्या ज्योतीत ते लवकर वाफ होऊन उडते. सांध्याची घडण बदलते आणि तो धूर कारागिराच्या मज्जासंस्थेला घातक असतो. उणे २६९ अंशांवर चालणाऱ्या चुंबकांसाठी जपानी संशोधकांनी १९८०च्या दशकात १२०० मेगापास्कल बळ आणि त्यासोबत भरपूर चिवटपणा असे उद्दिष्ट ठेवले. पोलादात नायट्रोजन मिसळून बळ मिळते, पण सांध्यात तो वाढवला की चिवटपणा घटू लागतो. केळ्याने दाखवलेलाच पेच संशोधकांसमोर अजून उभा आहे.

हा विषय खानदेशाला दूरचा नाही. १९ एप्रिल २०२१ रोजी कळंबोलीहून सात रिकामे टँकर घेऊन पहिली 'ऑक्सिजन एक्स्प्रेस' विशाखापट्टणमला निघाली. घाटातल्या उंचीच्या मर्यादेमुळे तिला वसई-सुरत मार्गे नेले, म्हणजे ती तापीच्या खोऱ्यातून, आपल्या भागातून गेली. परतीच्या प्रवासात तीन टँकर नागपूरला उतरले आणि उरलेले चार भुसावळ-जळगाववरून २४ एप्रिलला नाशिकला पोचले. त्याआधी तीनच दिवस नाशिकच्या महापालिका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली. प्राणवायूचा दाब घटला आणि त्या दिवशी २२ रुग्ण दगावले. ती गळती ठिसूळपणाची होती असे आम्ही म्हणत नाही. पण अशी टाकी म्हणजे किती माणसांचा श्वास, हे त्या दिवशी सर्वांना कळले. हे टँकर उणे १८३ अंशांचा द्रव पोटात घेऊन रुळांवरचे हादरे खात गेले, ते सांध्यांच्या चिवटपणाच्या भरवशावर. आपल्याच वर्गातली काही मुले पुढे आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकतात. त्यांच्या हातून असे सांधे होणार असतील, तर 'थंडीत सगळे फुटते' हे वाक्य त्यांना शिकवणे म्हणजे त्यांच्या कामातला जीवच काढून घेणे आहे.

म्हणून आमची सूचना अशी. केळ्याचा प्रयोग जरूर करा, पण त्याच नायट्रोजनमध्ये तांब्याची जाड तार बुडवा आणि चिमट्याने धरून सर्वांसमोर वाकवून दाखवा. ती वाकते. (डोळ्यांना चष्मा, हातात कोरडे सैल मोजे आणि खोलीच्या खिडक्या उघड्या हव्यात.) नायट्रोजन नसेल तरी अडत नाही. शाम्पूची एक पुडी कडेच्या खाचेपासून फाडायला द्या आणि दुसरी खाच नसलेल्या कडेने; चीर कुठून सुरू होते हे पहिलीतल्या मुलालाही कळेल. खाच पाडलेल्या तुकड्यावर लंबकाचा घाव घालून चिवटपणा मोजण्याची चार्पी यांची १९०१ सालची चाचणी याच तत्त्वावर आहे. नंतर ताकदवान चुंबक दोऱ्याला टांगून स्टेनलेस स्टीलच्या वेल्ड केलेल्या रेलिंगजवळ न्या. चांगल्या स्टीलच्या सपाट भागाकडे तो ओढला जात नाही. सांध्याकडे मात्र किंचित झुकतो. (ठोकून वाकवलेल्या कडांकडेही तो झुकू शकतो, तेव्हा जागा सपाट निवडावी.) तो झुकतो तिथे फेराइट आहे. कारखान्यात फेराइट मोजणारी काही उपकरणे याच ओढीवर चालतात.

आणि कार्यक्रमाचे शेवटचे वाक्य बदला. मुलांना निष्कर्ष सांगण्याऐवजी डब्याकडे बोट दाखवून विचारा, हा का फुटला नाही? उत्तरे चुकली तरी चालतील. ती मुले पुढच्या वेळी डबा जवळून पाहतील आणि त्याचा सांधा कुठे आहे ते शोधतील.