शून्याचा अर्थ : लहान विमानातील इंधनमापकाच्या नूतनीकरणासंबंधी

एखाद्या विधिवाक्याचा अर्थ लावताना त्याच्या शेजारचे वाक्य वाचावयाचे नाही, अशी सवय जडली म्हणजे काय घडते याचे उदाहरण अमेरिकेतील लहान विमानांच्या नियमावलीत सापडते. तिच्या २३ व्या भागातील १३३७ क्रमांकाचे कलम, २०१७ साली त्या भागाची पुनर्रचना होईपर्यंत, असे सांगत असे की, समतल उड्डाणात टाकीतील इंधन अनुपयोज्य मर्यादेइतके उरले असता मापकाने शून्य दाखविले पाहिजे. यावरून वैमानिकांत एक समज रूढ झाला, तो असा की, इंधनमापक केवळ टाकी रिकामी असतानाच खरे बोलण्यास बांधलेला आहे. एरवी त्याने काहीही दाखविले तरी चालते.

हा अर्थ त्या वाक्यातून निघत नाही. त्याच कलमात आधी म्हटले आहे की, प्रत्येक टाकीतील उपयोज्य इंधनाचे प्रमाण उड्डाणकाळात दाखविणारे साधन असलेच पाहिजे. प्रमाण दाखविणे हा मूळ विधी होय. शून्याचे वाक्य ही त्या विधीतील एका संज्ञेची व्याख्या आहे. सेसना १७२ एन या विमानाच्या दोन टाक्यांत मिळून ४३ अमेरिकन गॅलन इंधन मावते, पैकी ४० उपयोज्य. उरलेले ३ गॅलन टाकीत असतात खरे, परंतु उड्डाणाच्या प्रत्येक स्थितीत ते इंजिनापर्यंत पोहोचतीलच अशी शाश्वती नसते. मोजपट्टीचा आरंभ कोरड्या तळापासून न धरता या मर्यादेपासून धरावा, एवढेच ते वाक्य सांगते.

हा वाद निव्वळ शब्दार्थाचा असता तर त्यात वेळ घालविण्याचे प्रयोजन नव्हते. तथापि अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाच्या गणनेनुसार २०११ ते २०१५ या काळात इंधन-व्यवस्थापनातील दोषांमुळे वर्षाला सरासरी ५० हून अधिक अपघात घडले. मापकावर विश्वास ठेवावयाचाच नाही असे एकदा ठरले, की तो सुधारण्याची निकडही उरत नाही. जुन्या विमानाचा उपकरणफलक बदलताना याची प्रचीती येते. गोल तबकड्या जाऊन झळझळीत पडदा बसतो. पंखातील टाकीत मात्र तोच जुना तरंगक, तोच दांडा आणि रोधाच्या तारेवर घासत जाणारा तोच स्पर्शक राहतो. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

किंबहुना स्थिती पूर्वीपेक्षा बिघडते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. जुना काटा जड व मंद होता. झिजलेल्या तारेवरून स्पर्शक अडखळला तरी काटा फारसा हलत नसे, आणि पाव, अर्धा अशा ठोकळ खुणांमुळे त्याची साक्ष किती अंशी घ्यावी हे वाचणाऱ्यास उमगे. पडद्यावर त्याच संकेताचे दशांशासह आकडे उमटतात. ते नाचू लागले की सरासरी काढून त्यांना स्थिर केले जाते. दोष टाकीत राहतो. फक्त तो दिसेनासा होतो.

नव्या फलकावर इंधनाचा आणखी एक आकडा असतो. नळीतून इंजिनाकडे गेलेले इंधन मोजून, वैमानिकाने आरंभी भरलेल्या संख्येतून ते वजा करून तो सिद्ध होतो. हा आकडा पुष्कळदा आश्चर्यकारकरीत्या अचूक निघतो. पण ती साक्ष नाही, तो हिशोब आहे. टाकीचे झाकण सैल राहून इंधन पंखावरून उडून गेले, तर त्या हिशोबास त्याची वार्ताही नसते. टाकीत प्रत्यक्ष डोकावणारा संवेदकच ते सांगू शकतो. दोन्ही आकडे एकाच ठशात शेजारी शेजारी छापणे हा मांडणीचा दोष मानावयास हवा.

संवेदक बदलावयाचा तर कोणता? धारितेवर चालणाऱ्या संवेदकात हालचाल करणारा भाग नसतो. दोन धातुनलिकांमधील हवेची जागा पेट्रोलने घेतली की धारिता सुमारे दुप्पट होते. परंतु पेट्रोलात अल्कोहोल वा पाणी मिसळले असेल तर हे गणित कोसळते. तरंगकाची स्थिती चुंबकाच्या साहाय्याने, स्पर्शाविना ओळखणारे संवेदक त्या मानाने निर्धास्त. घासणारी तार त्यांत नाही, आणि द्रव कोणता याच्याशी त्यांना विशेष कर्तव्य नाही.

आता जुळणीचा प्रश्न. टाकी पूर्ण उपसून, विमान उड्डाणातील समतल स्थितीत टेकवून, वरील सेसनाच्या प्रत्येक टाकीत प्रथम दीड गॅलन ओतावे आणि तेथे शून्य मांडावे; नंतर दोन-दोन गॅलन मोजून ओतीत प्रत्येक पायरीचा संकेत नोंदवावा. टाकी उथळ, पंख टोकाकडे किंचित वर उचललेला, आणि तरंगक मुळाशी. त्यामुळे टाकी भरण्यापूर्वीच तो छताला टेकतो आणि पुढे ओतलेले इंधन त्यास कळत नाही. या शेवटच्या टप्प्यात नेमका आकडा देणे हा खोटेपणा होय. काही नवे पडदे तेथे आकड्यापुढे अधिकचिन्ह घालून ‘इतके, किंवा याहून जास्त’ असे दाखवितात. बसविणाराने ती सोय बंद ठेवू नये.