भुताकडे नको, तिकिटाकडे बघा

नेट-पेटची तयारी करणाऱ्या दोघी-तिघींनी गेल्या महिन्यात मला जवळजवळ एकच प्रश्न विचारला. "ताई, भुताखेतांच्या आणि लव्हस्टोरीच्या पुस्तकांवर पीएचडी करू देतात का?" देतात. गाइड आधी थोडं हसतील, मग विचारतील, "बरं, यात तुझा प्रश्न काय?" बहुतेक जण तिथे अडकतात. मीही अडकले होते. म्हणून आज एक पुस्तक समोर ठेवून असा प्रश्न सापडतो कसा, ते दाखवते. पुस्तक इंग्रजी आहे, पण शेवटी आपण मराठीतच येऊन पोचणार आहोत, आणि तेही घाटकोपरला.

पुस्तकाचं नाव 'ऑन द प्राउल'. २००७ मध्ये अमेरिकेत निघालेला चार लघुकादंबऱ्यांचा संग्रह; लेखिका चार : पॅट्रिशिया ब्रिग्ज, आयलीन विल्क्स, कॅरन चान्स आणि सनी. मला तो गोवंडी स्टेशनजवळच्या रद्दीवाल्याकडे मिळाला, मुखपृष्ठाचा अर्धा भाग फाटलेला. या प्रकाराला 'अर्बन फँटसी' आणि 'पॅरानॉर्मल रोमान्स' अशी दोन नावं आहेत. ढोबळ फरक असा की पहिल्यात आजच्या शहरात जादू, परीलोक, लांडगा होणारी माणसं वगैरे असतात आणि गोष्ट एखाद्या गुन्ह्याच्या मागे धावते. दुसऱ्यात सगळं सामान तेच, पण धाव जोडी जमण्याकडे. एमा बुल यांची 'वॉर फॉर द ओक्स' (१९८७) मिनियापोलिसमध्ये घडते, लॉरेल हॅमिल्टन यांची 'गिल्टी प्लेझर्स' (१९९३) सेंट लुइसमध्ये. म्हणजे शहर नावानिशी सांगायचं, ही या प्रकाराची सवयच आहे. लायब्ररीत मात्र दोन्ही एकाच फळीवर असतात, आणि या संग्रहातही एकत्रच आहेत.

चारांपैकी तीन गोष्टींवर मी वेळ घालवणार नाही. विल्क्स यांची गोष्ट नीट बांधलेली आहे. चान्स यांच्या गोष्टीत लिलावाची गंमत आहे, पण पळापळ इतकी की माणसं लक्षात राहत नाहीत. सनी यांची गोष्ट त्यांच्या मालिकेचे आधीचे भाग न वाचलेल्याला लागतच नाही. संग्रहांचा हा जुना रोग : प्रत्येक लेखिका आपापल्या मालिकेची जाहिरात घेऊन येते. संशोधनासाठी संग्रह निवडणार असाल तर हे आधी तपासा. कुठली गोष्ट एकटी उभी राहते?

ब्रिग्ज यांची 'अल्फा अँड ओमेगा' उभी राहते. शिकागोत ॲना नावाची तरुणी राहते. तीन वर्षांपूर्वी तिच्या मनाविरुद्ध तिला लांडग्यांच्या कळपात ओढलेलं आहे. कळपाचा प्रमुख लिओ आणि त्याची माणसं तिला मारतात, वापरतात. ती हॉटेलात वेट्रेस आहे, छोट्याशा भाड्याच्या घरात राहते, आणि तिच्या पगारातला मोठा हिस्सा लिओ काढून घेतो. म्हणजे अंगात लांडगा असलेल्या मुलीला पोटभर मांस परवडत नाही! देवनारच्या कत्तलखान्यापासून चालत अंतरावर वाढलेल्या मला हा तपशील सुटणं शक्य नव्हतं. आमच्याकडे मटणाचा भाव ही रविवारची पहिली बातमी असते. भीती वाटते ती त्या दातांची नाही, त्या पगाराच्या पाकिटाची. एका बेपत्ता मुलाचा फोटो वर्तमानपत्रात पाहून ॲना धीर करते आणि सगळ्या कळपांच्या वर जो मुख्य आहे त्याला फोन लावते. तो आपल्या मुलाला, चार्ल्सला, पाठवतो. ॲना त्याला घ्यायला विमानतळावर जाते. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

इथपर्यंत शहर खरोखर काम करतं. शेजारी कोण राहतं हे माहीत नसणं, नोकरी सोडता न येणं, तक्रार कुणाकडे करायची ते न कळणं, यातूनच लिओची सत्ता उभी आहे. पण मग प्रेम येतं आणि हे सगळं एका फटक्यात मिटतं. चार्ल्सच्या आतला लांडगा तिला पाहताक्षणी ओळखतो. जोडी वरूनच ठरलेली. माझी खरी तक्रार इथे आहे. तीन वर्षं जिच्या 'नाही'ला कुणी विचारलं नाही, तिला गोष्ट असा पुरुष देते की ज्याच्या बाबतीत संशय घ्यायची गरजच उरत नाही. ब्रिग्ज प्रामाणिक आहेत. त्या ॲनाला बिचकू देतात, वेळ मागू देतात. पण वाचकाला हमी आधीच मिळालेली असते. आणि शेवटी? शेवटी ॲना चार्ल्सबरोबर मोंटानाच्या डोंगरांत जाते.

हे मी तिसऱ्या वाचनात पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. नाव 'अर्बन', आणि सुखान्त म्हणजे शहरातून सुटका. जखम शहर करतं, औषध बाहेरगावी मिळतं. पान उलटून मागे गेले आणि वहीत एकच ओळ लिहिली : पात्र कुठून निघतं, कुठे पोचतं, आणि परत येऊ शकतं का? भूत कसलं आहे हे सगळेच विचारतात. तुम्ही तिकीट कुठलं आहे ते विचारा.

आता हाच प्रश्न घेऊन मराठीत या. पहिलं नाव अर्थात नारायण धारप (१९२५–२००८). माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मी त्यांना सरळ 'मराठीतील अर्बन फँटसीचे जनक' असं लिहून टाकलं होतं. लेबल बाहेरून आणायचं आणि आपल्या लेखकाला चिकटवायचं, ही चूक आपण सगळेच करतो, कारण त्यामुळे पहिला परिच्छेद लवकर लिहून होतो. वर वर पाहिलं तर जुळतंही. धारपांचे समर्थ अप्पा जोशींना बरोबर घेऊन अमानवी शक्तींशी लढतात. पुन्हा पुन्हा येणारा नायक, दर वेळी नवं संकट, अमेरिकन मालिकांसारखंच. पण तिकीट तपासा. धारपांच्या ज्या गोष्टी माझ्या टिपणांत आहेत त्यांत शिकलेला, नोकरीतला माणूस वारशाने, सुट्टीत किंवा कुणाच्या पत्रामुळे जुन्या घराकडे, आडगावाकडे निघतो. वाईट तिथे असतं. परतीचं तिकीट मिळालं तर तो वाचला. म्हणजे ब्रिग्जच्या बरोब्बर उलट : इथे शहर हा दिवा लावलेला ओटा आहे.

थांबा, लगेच 'मराठी मनाची रचना' वगैरे लिहू नका. 'लुचाई'वर स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'ची (१९७५) छाया आहे, आणि ती मूळ कादंबरीही एका लहान गावाचीच आहे. उसन्या सामानावरून मन ओळखता येत नाही. धारपांनी काय बदललं तेवढाच तुमचा पुरावा. हे काम कंटाळवाणं आहे, दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून पान-पान करावं लागतं. पण तिथेच काही सापडलं तर सापडेल.

रत्नाकर मतकरींपाशी (१९३८–२०२०) माझा नियम मोडतो, हेही सांगून ठेवते. १९७८ पर्यंत बँकेत नोकरी केलेला हा मुंबईचा लेखक आपल्या गूढकथेला भूतकथेपासून वेगळं मानत असे, आणि त्याच्या माणसांना बहुतेकदा कुठे जावंच लागत नाही. गूढ घरातच, दिवाणखान्यात, डोक्यात. तिकिटाचा प्रश्न इथे गप्प बसतो. एखादी कसोटी कुठे लागू पडत नाही ते स्वतःच लिहिलं की परीक्षकाच्या हातातला एक प्रश्न कमी होतो.

आता सोन्याकडे येऊ. धारपांच्या 'आजी' या कथेचा धागा घेऊन राही अनिल बर्वे यांनी 'तुंबाड' (२०१८) केला. (राही हे 'थँक यू मिस्टर ग्लाड'वाल्या अनिल बर्व्यांचे चिरंजीव; सिनेमा हिंदी असला तरी हाड मराठीच.) विनायक पुण्यात राहतो, पैसे संपले की तुंबाडला जातो, हस्तरच्या लंगोटातून नाणी ओढतो, पुण्याला परत येऊन उधळतो. सोनं तिकडचं, चैन इकडची. अनेक वर्षं त्याचं परतीचं तिकीट चालतं.

हा सिनेमा दुसऱ्यांदा बघताना मला एक जुनी मराठी कथा आठवत राहिली, जिच्यात असाच एक माणूस रात्री एकटा जातो आणि मेलेल्यांकडून सोनं आणतो. अण्णा भाऊ साठ्यांची 'स्मशानातील सोनं'. अण्णा भाऊ (१९२०–१९६९) घाटकोपरच्या चिरागनगरात राहिले. आमच्या घरापासून तेव्हाही आणि आताही ते फार लांब नाही. कथेतला भीमा वारणेकाठून मुंबईच्या उपनगरात येतो. पैलवानी अंगाचा गडी. खाणीत काम मिळतं, आणि एक दिवस खाण बंद पडते. मग त्याला चितेच्या राखेत सोन्याचा तुकडा सापडतो. तिथून तो राख चाळायला लागतो, पुढे प्रेतं उकरायला. घरी बायको आहे, लाडकी लेक आहे. बायको भुताचा विषय काढते तर भीमा उलट शहराकडेच बोट दाखवतो. एका रात्री पैसेवाल्याच्या ताज्या प्रेतासाठी तो कोल्ह्यांच्या टोळीशी झुंजतो, आणि सोनं काढायला तोंडात घातलेली बोटं त्या प्रेताच्या जबड्यातच अडकतात.

कथेत भूत नाही. पण प्रेताने जिवंत माणसाचा हात धरून ठेवणं, यापेक्षा जास्त भूतकथा ती काय असणार? आणि तिकीट बघा. भीमा शहरात आला आहे, परतीचं नाही. ॲनाला मोंटाना आहे, विनायकाला पुणं आहे, भीमाला फक्त घर ते स्मशान. 'शहर काढून घेतलं तर गोष्ट उरते का?' हा प्रश्न मी चारही ठिकाणी विचारला. 'अल्फा अँड ओमेगा' अर्धी उरते, धारप बरेचसे उरतात, 'तुंबाड' उरतो. 'स्मशानातील सोनं' उरत नाही. खाण बंद पडली की पोट बंद, हा शहराचा नियम काढला तर भीमा रात्री बाहेर पडणारच नाही.

ही कथा माझ्या कामात आली ती मात्र अशा अभ्यासाने नव्हे, आईमुळे. सिनॉप्सिसच्या त्याच पहिल्या खर्ड्यात मी गोवंडीवर एक परिच्छेद घातला होता. देवनारचं डम्पिंग १९२७ पासूनचं, पलीकडे कत्तलखाना, वर घारी. 'धुक्यात बुडालेलं हे उपनगर म्हणजे मराठी गूढकथेला अजून न सापडलेली भूमी', असं काहीतरी. मला तो परिच्छेद फार आवडला होता. २०१६ च्या जानेवारीत डम्पिंगला मोठी आग लागली, तेव्हाचं दृश्य डोळ्यासमोर ठेवून लिहिला होता. आईला वाचून दाखवला.

ती भाजी निवडत होती. म्हणाली, "अगं, धुकं कसलं? धूर होता तो. दादाच्या पोराला वाफ द्यायला रोज दवाखान्यात नेत होतो आपण. विसरलीस?"

विसरले नव्हते. लिहिताना बाजूला ठेवलं होतं. बाहेरचे लोक आमच्या वस्तीकडे जसे बघतात तशीच मी बघून आले होते, आणि राहते इथेच. तुमच्यापैकी जे धारावी, मानखुर्द, कामाठीपुरा असं काही 'गॉथिक' म्हणून घ्यायच्या विचारात आहेत, त्यांनी खर्डा तिथल्या कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवावा. परिच्छेद मी काढला, धारपांवरचं ते वाक्यही काढलं, आणि शोधायला लागले की या बाजूच्या कुणी लेखकाने धुराला धूर म्हणून भीती लिहिली आहे का. तेव्हा अण्णा भाऊ पुन्हा हातात आले.

मग ती कथाही आईला वाचून दाखवली, दोन रात्रींत. शेवट तुम्हाला कदाचित माहीत असेल : डॉक्टर बोटं कापतात, आणि त्याच सुमाराला खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. डोंगर फोडणारी बोटं गेलेली, भीमा लहान मुलासारखा रडतो. समीक्षक इथे नियती, विरोधाभास असे शब्द वापरतात, मीही वापरले आहेत.

आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "मग खाणीवर घेतला का त्याला परत?"

कथेत ते नाही, असं मी सांगितलं. "दुसरं काही हलकं काम तरी?" तेही नाही. तिचे हे दोन प्रश्न मी जसेच्या तसे तिसऱ्या प्रकरणाच्या टिपणात लिहून ठेवलेत, आणि ॲना मोंटानाला गेल्यावर शिकागोच्या त्या हॉटेलात तिच्या जागी कुणाला ठेवलं असेल, हा तिसरा मी त्यांच्या खाली जोडला आहे.