एक शब्द, तीन राशी

मेंदूच्या 'परफ्यूजन' तपासणीविषयी मराठीत लिहिताना आपण सगळेच 'रक्तपुरवठा' या एका शब्दावर भागवतो. अहवालात मात्र तीन निरनिराळ्या राशी असतात. तिन्हींना एकच नाव दिले की वाचकाला विषय समजल्यासारखा वाटतो, पण समजलेला नसतो.

मांजरसुंब्याच्या चौकात उभे राहून पाहू. धुळे-सोलापूर महामार्गाला येथे अहिल्यानगर आणि अंबाजोगाईकडचे रस्ते मिळतात. मिनिटाला जितकी वाहने चौक ओलांडतात, तो प्रवाह. एका क्षणी चौकात जितकी वाहने असतात, ते आकारमान. एका वाहनाला चौक ओलांडण्यास लागणारा वेळ, तो संक्रमणकाळ. आकारमानाला प्रवाहाने भागले की सरासरी संक्रमणकाळ मिळतो. मेंदूच्या १०० ग्रॅम ऊतीत सुमारे ४ मिलिलिटर रक्त असते व तिच्यातून मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त वाहते. भागाकार येतो ०.०८ मिनिट, म्हणजे जवळजवळ ५ सेकंद.

पक्षाघातात एखादी धमनी बंद पडली की आसपासच्या सूक्ष्म वाहिन्या रुंदावतात. त्यामुळे काही भागात प्रवाह घटतो, संक्रमणकाळ वाढतो, पण आकारमान टिकून राहते. हा भाग अजून वाचू शकतो. जेथे आकारमानही घसरले, तो भाग बहुधा हातचा गेलेला असतो. दोन्हींना 'रक्तपुरवठा कमी' म्हटल्यास नेमका हाच फरक पुसला जातो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांनंतर निवडक रुग्णांत गुठळी काढण्याची मुदत २४ तासांपर्यंत वाढली, ती वाचू शकणारा भाग उरला आहे का हे तपासूनच. अर्थात, लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे, हा नियम कायम आहे.

काही जण 'रक्त पाझरणे' असा पर्याय सुचवतात. तो आम्हांला मान्य नाही. परफ्यूजनमध्ये रक्त वाहिन्यांच्या जाळ्यातूनच फिरते, बाहेर येत नाही. पाझरणे म्हटले की रक्तस्रावच डोळ्यांपुढे येतो. त्यापेक्षा 'परफ्यूजन' हाच शब्द ठेवावा.

वाचू शकणाऱ्या भागाला डॉक्टर 'पेनम्ब्रा' म्हणतात. हा शब्द ग्रहणातला आहे, आणि त्याला 'उपच्छाया' हा प्रतिशब्द आपण वर्गात शिकवतोच. पूर्ण अंधारही नाही, पूर्ण उजेडही नाही, असा तो प्रदेश. ग्रहणाचा धडा शिकवताना शिक्षकांनी हा दुसरा अर्थही सांगावा. अहवाल हाती आलेल्या एखाद्या घरी तो उपयोगी पडेल.