वर्ण, वीर्य आणि वाण : भोर-वेल्ह्यातील देशी पिकांच्या मूल्यमापनाची चिकित्सा

बीजसंज्ञा : देशी वाण, अँथोसायनिन, आंबेमोहर, नाचणी, वीर्य, शेतकरी हक्क

प्रस्तावना

पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे हे तालुके सह्याद्रीच्या कुशीत वसलेले आहेत. हिरडस मावळ व गुंजण मावळ या ऐतिहासिक मावळांचा हा प्रदेश होय. वेल्हे तालुक्यास ‘राजगड’ हे नाव देण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली; येथे मात्र सोयीसाठी जुनेच नाव योजिले आहे. खाचरांतील भात आणि डोंगरउतारावरील वरकस जमिनीत नाचणी व वरई, अशी येथील पीकरचना परंपरेने चालत आली आहे.

अलीकडच्या काळात देशी वाणांविषयी शहरी ग्राहकांची आस्था वाढली, ही निश्चितच स्वागतार्ह बाब आहे. परंतु या आस्थेबरोबर एक समजूतही दृढ होत चालली आहे. काळा, जांभळा किंवा गडद तांबडा वाण म्हणजे अधिक अस्सल, अधिक गुणकारी आणि अधिक ‘ताकदीचा’, अशी ती समजूत होय. वर्णावरून वीर्याचे अनुमान करण्याची ही पद्धत शास्त्राच्या आणि परंपरेच्या कसोटीवर कितपत टिकते, तसेच तिचे भोर-वेल्ह्यातील शेतकऱ्यांवर कोणते परिणाम संभवतात, याची चिकित्सा करणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

वर्णाचे शास्त्र

वनस्पतींमधील जांभळा, निळसर व काळपट रंग बहुतांशी अँथोसायनिन या रंगद्रव्यांमुळे येतो. ही द्रव्ये फ्लॅव्होनॉइड वर्गातील असून पेशींमधील रिक्तिकांत साठतात. वाणाच्या आनुवंशिक घडणीवर त्यांची निर्मिती अवलंबून असते; तथापि प्रखर प्रकाश, रात्रीचा गारवा, स्फुरदाची कमतरता यांसारख्या कारणांनीही त्यांचे प्रमाण कमीअधिक होते. म्हणजेच एकाच बियाण्याचे पीक एका जागी गडद तर दुसऱ्या जागी फिकट दिसू शकते. जांभळी पाने पाहून पीक ‘जोमदार’ मानावे, तर ती अन्नद्रव्याच्या उणिवेची खूणही असू शकते.

तांदळाच्या बाबतीत आणखी एक भेद लक्षात घ्यावा लागतो. काळ्या तांदळाचा रंग अँथोसायनिनमुळे, तर लाल तांदळाचा रंग प्रोअँथोसायनिडिन या वेगळ्या द्रव्यामुळे येतो. दोन्हींचे स्थान दाण्याच्या बाह्य आवरणात असते. तांदूळ पॉलिश केला की आवरणाबरोबर रंगद्रव्यही निघून जाते. त्यामुळे रंगीत वाणाचा जो काही आरोग्यविषयक लाभ असेल, तो वाणाइतकाच गिरणीवरही अवलंबून असतो.

भांगेचे उदाहरण

वर्ण आणि वीर्य यांची गल्लत सर्वांत ठळकपणे दिसते ती भांगेच्या वनस्पतीबाबत. पाश्चात्त्य देशांत या वनस्पतीच्या जुन्या, पिढ्यान्पिढ्या जपलेल्या वाणांपैकी जांभळ्या फुलोऱ्याचे वाण अधिक मादक असतात, असा समज प्रचलित आहे. या वनस्पतीतील मुख्य मादक द्रव्य टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल असून गाओनी व मेशुलाम या संशोधकांनी ते १९६४ मध्ये शुद्ध स्वरूपात वेगळे केले. वनस्पतीत ते प्रथम आम्लरूपात, मुख्यतः मादी फुलोऱ्यावरील सूक्ष्म ग्रंथिरोमांत तयार होते आणि उष्णतेने त्याचे मादक रूपात परिवर्तन होते. अँथोसायनिनच्या निर्मितीचा जैवरासायनिक मार्ग याहून निराळा आहे. एखाद्या वाणात दोन्ही द्रव्ये विपुल असू शकतील. पण एकाच्या असण्यावरून दुसऱ्याचे प्रमाण सांगता येत नाही.

या पिकाच्या जुन्या जाणकारांनीही रंगाला सर्वस्व मानले नव्हते, हे उल्लेखनीय आहे. १८९३-९४ च्या भारतीय भांग आयोगाने देशभरातील लागवडीची जी नोंद केली, तीत गांजाच्या शेतातून नर झाडे वेचून काढण्याची प्रथा सविस्तर आली आहे. मादी फुलांत बी धरू न देता राळ वाढवावी, हा त्यामागील हेतू. बंगालमध्ये हे काम करणारे स्वतंत्र पारखी असत. म्हणजे लागवड करणाऱ्याचे लक्ष राळेवर आणि मशागतीवर होते.

आधुनिक कायद्याची दृष्टीही याच संदर्भात तपासण्याजोगी आहे. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यात गांजाची व्याख्या फुलोऱ्यावरून केली आहे आणि शिक्षेची श्रेणी वजनावरून ठरते. १ किलो ही अल्प, तर २० किलो ही व्यापारी प्रमाणाची मर्यादा आहे. मादकतेचे प्रमाण तेथे निकष नाही. बाजार रंग पाहतो, कायदा वजन पाहतो आणि प्रत्यक्ष वीर्य दोघांच्याही नजरेबाहेर राहते. मोजण्यास सोपे असेल तेच महत्त्वाचे मानण्याची ही प्रवृत्ती अन्नपिकांच्या बाजारातही तितकीच प्रबळ आहे.

परंपरेची साक्ष

रंगीत वाणांच्या समर्थनार्थ आयुर्वेदाचा दाखला वारंवार दिला जातो. चरकसंहितेत शूकधान्यांमध्ये लाल शाली श्रेष्ठ मानली आहे, हे खरे. परंतु तो एका विशिष्ट धान्यवर्गाविषयीचा निर्णय आहे. जितका रंग गडद तितका गुण अधिक, असा सामान्य नियम त्यातून काढणे सयुक्तिक नाही. आयुर्वेदातील द्रव्यगुणविचार रस, गुण, वीर्य, विपाक आणि प्रभाव यांच्या आधारे चालतो. वर्णाला त्या मालिकेत स्थान नाही. भावप्रकाश निघंटूत तर पांढरी आणि काळी तुळस गुणांनी तुल्य असल्याचे स्पष्टपणे नोंदविले आहे. जांभळट छटेची काळी तुळस अधिक औषधी, असे घरोघरी मानले जात असताना निघंटूकाराने दिलेला हा निर्वाळा विशेष बोलका आहे. परंपरेचा आधार घेणाऱ्यांनी परंपरेतील हा विवेकही स्वीकारावयास हवा.

भोर-वेल्ह्यातील पिकांचा विचार

या पार्श्वभूमीवर मावळातील आंबेमोहराकडे पाहिले असता प्रश्नाचे गांभीर्य ध्यानी येते. आंबेमोहराचा दाणा आखूड व पांढरा. दिसण्यात त्याचे वैशिष्ट्य फारसे नाही. त्याचे सारे वीर्य सुगंधात आहे. हा सुगंध मुख्यत्वे २-अ‍ॅसिटिल-१-पायरोलीन या द्रव्याचा असून ते डोळ्यांना दिसत नाही. दाणा भरण्याच्या काळातील हवामान, वाळवणी आणि साठवण यांनुसार ते कमीअधिक होते. शिवाय हा वाण उंच वाढतो, लोळतो आणि उत्पन्न कमी देतो. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने आंबेमोहर-१५७ व आयआर-८ यांच्या संकरातून इंद्रायणी हा वाण विकसित केला व १९८७ मध्ये तो प्रसारित झाला. अधिक उत्पन्नामुळे मावळातील खाचरे त्याने मोठ्या प्रमाणावर व्यापली. उरलेल्या आंबेमोहराला बाजारात आखूड दाण्याच्या इतर तांदळांशी सामना द्यावा लागतो. त्यांपैकी काही त्याच्याच नावाने विकले जातात.

अशा स्थितीत रंग हीच अस्सलपणाची खूण ठरली, तर आंबेमोहर आपोआप स्पर्धेबाहेर फेकला जातो. ज्याची ओळख पटविण्यास भात शिजवून पाहावा लागतो, त्या वाणापेक्षा पिशवीतूनच ‘गुण’ दाखविणारा काळा तांदूळ विकण्यास सोपा असतो. मणिपूरच्या चाखाओ या सुगंधी काळ्या तांदळाला २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच्या भूमीत त्याचे मोल निर्विवाद आहे. परंतु बाहेरचे काळे बियाणे मावळात लावून त्यास देशी वारसा म्हणणे हा वारशाचा विपर्यास ठरेल.

नाचणीचे उदाहरण याहून सूक्ष्म आहे. तिची ख्याती कॅल्शियमसाठी आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यानुसार १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते. हे खनिज रंगद्रव्याचा घटक नव्हे. दाण्याचा तांबूस-तपकिरी रंग ज्या पॉलिफेनॉल व टॅनिन द्रव्यांशी निगडित आहे, ती ऑक्सिडीकरणरोधक म्हणून उपयुक्त असली तरी लोहाच्या शोषणात अडथळा आणतात. पांढऱ्या नाचणीत टॅनिन कमी असते. यावरून गडद नाचणी निकृष्ट ठरत नाही. भिजवणे व मोड आणणे या घरगुती प्रक्रियांनी तो अडथळा कमी होतो. मात्र ‘गडद ते उत्तम’ हे सूत्र येथे लागू पडत नाही, एवढे निश्चित.

रंगाचे योग्य स्थान

मग रंगाला काहीच महत्त्व नाही काय? तसे म्हणणे दुसऱ्या टोकाला जाणे होईल. शेतकऱ्याच्या दृष्टीने रंग ही वाण ओळखण्याची सर्वांत जुनी खूण आहे. पानाचा बुंधा, कुसळ, दाण्याचे टोक यांवरील जांभळी छटा पाहून भेसळीचे झाड उपटता येते आणि बियाणे शुद्ध राखता येते. रायपूरच्या कृषी विद्यापीठाने जांभळ्या झाडाचा ‘श्यामला’ हा भाताचा वाण काढला, तो खाचरातील रानटी भात बेणणीच्या वेळी सहज ओळखता यावा म्हणून. पिकांचे वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ अन्वये वाणाची नोंदणी करताना वेगळेपणा, एकसारखेपणा आणि स्थिरता तपासली जाते. भाताच्या या तपासणीत निरनिराळ्या अवयवांवरील अँथोसायनिनची छटा हे एक लक्षण आहे, तसेच दाण्याचा सुगंध हेही एक लक्षण आहे. कायद्याने येथे रंगाला ओळखीच्या जागी ठेवले आहे. बाजार त्याच लक्षणाला गुणाचे प्रमाणपत्र बनवितो, आणि आक्षेप आहे तो येथेच.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, वर्ण ही वाणाची ओळख आहे. वीर्याचे माप म्हणून तो विश्वसनीय नाही. क्वचित रंगद्रव्य स्वतःच उपयुक्त असते, परंतु तेव्हाही त्याचे प्रमाण मोजूनच सांगावे लागते. भोर-वेल्ह्यातील देशी वाणांचे संवर्धन करावयाचे असेल, तर प्रत्येक वाणाचे वीर्य नेमके कशात आहे, सुगंधात, खनिजात की उतारावर तग धरण्याच्या क्षमतेत, हे आधी निश्चित झाले पाहिजे. या कामी परिसरातील महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र व अर्थशास्त्र विभागांना एकत्र काम करण्यास मोठा वाव आहे. गावोगावच्या बियाण्यांच्या नोंदी, प्रयोगशाळेतील पृथक्करण आणि शेतकऱ्यास प्रत्यक्ष मिळणारा भाव ही तीन अंगे एकत्र तपासली गेली, तर दिसायला साधा असलेला पांढरा आंबेमोहरही आपल्या गुणावर योग्य मोल मिळवू शकेल.